कोलेस्टेरॉलच्या दोन-तीन गोळ्या एकत्र: कोणती जोडी चालते, कोणती टाळायची

"सर, जरा ये पढ के बताओ, ये कायकी गोली है?" असं म्हणत मोहल्ल्यातलं कुणी ना कुणी आमच्यासमोर औषधांची पिशवी रिकामी करतं. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण पट्टीवरचं बारीक इंग्रजी वाचून दाखवायचं काम शेवटी शिक्षकाकडेच येतं. अशा पिशवीत काय निघतं? अँजिओप्लास्टीनंतर हार्टच्या डॉक्टरांनी दिलेली एक कोलेस्टेरॉलची गोळी. शुगरच्या डॉक्टरांनी दिलेली दुसरी, जिच्यात दोन औषधं एकत्र आहेत. बीपीची गोळी. अॅसिडिटीचं गुलाबी पातळ औषध. आणि तळाशी कलौंजीच्या तेलाची बाटली. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या जागी बरोबरच लिहिलेलं असतं. पण या सगळ्या वस्तू एकाच पोटात जातात आणि तिथे त्यांची एकमेकांशी गाठ पडते, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

कोलेस्टेरॉलची दोन औषधं एकत्र घेणं म्हणजे धोकाच, असं काही नाही. काही जोड्या मुद्दाम लावलेल्या असतात आणि त्या एकेकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. काही जोड्यांचा फायदाच नाही. आणि एक-दोन जोड्या अशा आहेत की त्यांनी माणसं दगावली आहेत. फरक कशाने पडतो, ते नीट समजून घेऊ.

आधी थोडं शरीराबद्दल

रक्तातलं कोलेस्टेरॉल दोन वाटांनी येतं. मोठा भाग आपलं लिव्हर स्वतःच तयार करतं. उरलेलं आतड्यातून शोषलं जातं. त्यात खाल्लेलं असतं, आणि पित्तातून आतड्यात उतरलेलं आपलंच जुनं कोलेस्टेरॉलही असतं. रक्तात फिरणारं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उचलून घेण्यासाठी लिव्हरच्या पेशींवर दारं असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी हे काम उलगडून दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं.

आता औषधांची कुळं बघू.

स्टॅटिन: अॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन, पिटावास्टॅटिन ही सगळी भावंडं. ही लिव्हरमधलं उत्पादन कमी करतात. माल कमी पडला की लिव्हर जास्त दारं उघडतं आणि रक्तातलं एलडीएल उचलतं. या कुळाचा शोध जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून लावला. पहिलं स्टॅटिन, लोवास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं.

एझेटिमाइब: हे आतड्यातून होणारं शोषण अडवतं.

फायब्रेट: फेनोफायब्रेट आणि जेमफिब्रोझिल. यांचा मुख्य भर ट्रायग्लिसराइड या दुसऱ्या चरबीवर असतो.

रेझिन: कोलेस्टिरामिन, कोलेसेवेलाम. ही आतड्यातल्या पित्ताला चिकटतात आणि शौचावाटे त्याला बाहेर नेतात.

बेम्पेडोइक अॅसिड: स्टॅटिन ज्या ठिकाणी काम करतं, त्याच्या एक पायरी आधी हे उत्पादन अडवतं.

पीसीएसके९ ची इंजेक्शनं: इव्होलोक्युमॅब, अॅलिरोक्युमॅब, इन्क्लिसिरॅन. लिव्हरवरची दारं मोडून टाकणाऱ्या एका प्रथिनाला ही आवरतात.

चांगली जोडी: स्टॅटिन आणि एझेटिमाइब

बऱ्याच लोकांना वाटतं की कोलेस्टेरॉल उतरत नसेल तर गोळीचा डोस दुप्पट केला की काम होईल. तसं होत नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. दहाची वीस केली, वीसची चाळीस केली, दर वेळी तेवढंच. पण दुष्परिणामांची शक्यता मात्र डोसबरोबर वाढत जाते.

शिवाय लिव्हरमधलं उत्पादन कमी झालं की शरीर आतड्यातून जास्त कोलेस्टेरॉल ओढायला लागतं. एक दार बंद केलं की दुसऱ्या दारातून माल येतो. एझेटिमाइब नेमकं ते दुसरं दार बंद करतं. म्हणून स्टॅटिनला त्याची जोड दिली की एलडीएल आणखी साधारण २० टक्क्यांच्या आसपास उतरतं.

याचा फायदा फक्त रिपोर्टच्या कागदावर दिसतो की हृदयालाही होतो? इम्प्रूव्ह-इट नावाच्या अभ्यासात हार्टचा झटका किंवा तसाच त्रास नुकताच होऊन गेलेल्या १८,१४४ रुग्णांना घेतलं. अर्ध्यांना नुसतं सिम्वास्टॅटिन, अर्ध्यांना सिम्वास्टॅटिन आणि एझेटिमाइब. २०१५ मध्ये निकाल आला. सात वर्षांत मृत्यू, झटका, पक्षाघात अशा घटना पहिल्या गटात ३४.७ टक्के, तर जोडीच्या गटात ३२.७ टक्के झाल्या. म्हणजे १०० माणसांमागे दोघे वाचले. फरक छोटा आहे, पण खरा आहे.

पुढे दक्षिण कोरियात ३,७८० रुग्णांवर रेसिंग नावाचा अभ्यास झाला. त्यात रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम एकटं एका बाजूला, आणि रोसुवास्टॅटिन १० अधिक एझेटिमाइब १० दुसऱ्या बाजूला. २०२२ च्या निकालात तीन वर्षांनंतर हृदयाच्या बाबतीत जोडी कमी पडली नाही. उलट त्रास झाल्यामुळे औषध बंद किंवा कमी करावं लागलेले रुग्ण जोडीच्या गटात ४.८ टक्के होते, तर एकट्या मोठ्या डोसच्या गटात ८.२ टक्के. म्हणून डॉक्टरांनी डोस न वाढवता दुसरी छोटी गोळी जोडली, तर "अजून एक गोळी चिकटवली" असं समजू नका. त्यामागे कारण आहे.

घातक जोडी: स्टॅटिन आणि जेमफिब्रोझिल

आता उलटी बाजू. १९९७ मध्ये सेरिवास्टॅटिन नावाचं नवं स्टॅटिन बाजारात आलं. कंपनी जर्मनीची बायर. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. तोपर्यंत एकट्या अमेरिकेत स्नायू विरघळण्याच्या विकाराने ३१ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यातल्या १२ रुग्णांनी सोबत जेमफिब्रोझिल घेतलेलं होतं. ही दोन औषधं एकत्र देऊ नयेत अशी सूचना माहितीपत्रकात आधीच आली होती. ती कागदावर राहिली.

असं का झालं? स्टॅटिन रक्तातून लिव्हरमध्ये शिरतं ते एका वाहकाच्या मदतीने. आणि शरीर त्याचा निचरा करतं ते काही एन्झाइमांच्या मदतीने. जेमफिब्रोझिल हा वाहकही अडवतं आणि काही एन्झाइमही. मग स्टॅटिन लिव्हरमध्ये जाण्याऐवजी रक्तात साठत राहतं आणि स्नायूंपर्यंत पोचतं. खाल्लेली गोळी तेवढीच, पण शरीरात डोस कितीतरी पट. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातला मायोग्लोबिन नावाचा पदार्थ किडनीत जाऊन अडकतो आणि किडनी बंद पडू शकते. या विकाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात.

धोका किती, तेही बघू. २००४ मध्ये अमेरिकेत अडीच लाखांहून जास्त रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अॅटोर्वास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन किंवा सिम्वास्टॅटिन एकटं घेणाऱ्यांत या विकाराने दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण वर्षाला १ लाखामागे साधारण ४ ते ५ इतकंच निघालं. सोबत फायब्रेट असेल तर ते ६० च्या घरात गेलं. आणि सेरिवास्टॅटिनसोबत फायब्रेट घेणाऱ्यांत वर्षाला दर १० जणांमागे एक!

या आकड्यांचे दोन अर्थ आहेत. एक, स्टॅटिन एकटं घेतलं तर हा धोका फारच कमी आहे. "ही गोळी खाल्ली की अंग गळतं" असं ऐकून ती बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. दुसरा, चुकीची जोडी लागली तर तीच साधी गोळी जिवावर बेतू शकते. आज सिम्वास्टॅटिनसोबत जेमफिब्रोझिल द्यायला पूर्ण मनाई आहे आणि बाकीच्या स्टॅटिनसोबतही ते टाळतात. कपाटात जेमफिब्रोझिलची जुनी चिठ्ठी असेल, तर ती दाखवून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका.

मग फेनोफायब्रेटचं काय?

आपल्याकडे स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट एकाच गोळीत सर्रास मिळतात. नावं ऐकून घाबरू नका. हे कूळ जेमफिब्रोझिलचंच असलं तरी स्वभाव वेगळा आहे. फेनोफायब्रेट तो वाहक आणि ते एन्झाइम फारसे अडवत नाही. म्हणून स्टॅटिनसोबत फायब्रेट द्यायचंच असेल तर डॉक्टर फेनोफायब्रेट निवडतात. धोका शून्य नाही, पण खूप कमी.

खरा प्रश्न आहे तो गरजेचा. अकॉर्ड नावाच्या अभ्यासात टाइप २ मधुमेहाच्या ५,५१८ रुग्णांना सिम्वास्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट किंवा बिनऔषधाची गोळी दिली. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा एकूण गटात झटके किंवा मृत्यू लक्षणीय कमी झालेले दिसले नाहीत. ज्यांचं ट्रायग्लिसराइड खूप जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल खूप कमी होतं, त्यांना कदाचित फायदा झाला असावा, एवढाच इशारा मिळाला. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे मात्र या औषधाला जागा आहे. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांना साधा प्रश्न विचारा: "माझं ट्रायग्लिसराइड आता किती आहे? फेनोफायब्रेट अजून लागतंय का?"

किडनी कमजोर असलेल्यांनी आणि पित्ताशयात खडे असलेल्यांनी ते जरूर सांगावं. फेनोफायब्रेट पित्तात कोलेस्टेरॉल वाढवतं, त्यामुळे खड्यांची शक्यता वाढते. ते किडनीवाटे बाहेर जातं, म्हणून किडनी थकलेली असेल तर ते साठतं.

मधुमेहींसाठी आपल्या देशातच तयार झालेलं सारोग्लिटाझार नावाचं औषध २०१३ पासून आहे. तेही ट्रायग्लिसराइडवर चालतं आणि फेनोफायब्रेट शरीरातलं जे बटण दाबतं, तेच हेही दाबतं. दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर ही दोन्ही दिसली, तर डॉक्टरांना दाखवा.

फायदा नसलेली जोडी: स्टॅटिन आणि नियासिन

चांगलं कोलेस्टेरॉल वाढवायचं म्हणून अनेक वर्षं नियासिन, म्हणजे ब जीवनसत्त्वाचा मोठा डोस, स्टॅटिनसोबत दिला जायचा. एचपीएस२-थ्राइव्ह या अभ्यासात २५,६७३ रुग्ण होते. २०१४ मध्ये आलेल्या निकालात झटके कमी झाले नव्हते. उलट शुगर बिघडणं, रक्तस्राव, इन्फेक्शन आणि स्नायूंचा त्रास वाढला होता. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नियासिन आणि स्टॅटिन एकत्र असलेल्या गोळ्यांची परवानगी काढून घेतली. रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा या जोडीने दिला.

वेळेचं भांडण: रेझिन आणि बाकी सगळं

कोलेस्टिरामिनसारखी पूड आतड्यात पित्ताला चिकटते. पण ती फक्त पित्तालाच ओळखते असं नाही, समोर आलेल्या दुसऱ्या औषधांनाही चिकटते आणि त्यांना घेऊन बाहेर जाते. मग स्टॅटिन, एझेटिमाइब, फेनोफायब्रेट, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, सगळ्यांचा असर कमी होतो. नियम असा: बाकीची औषधं या पुडीच्या किमान १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनंतर. एझेटिमाइब २ तास आधी किंवा ४ तासांनंतर. इसबगोल रोज घेणाऱ्यांनीही ते आणि गोळ्या एकाच घोटात घेऊ नयेत, मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत.

नवी औषधं

स्टॅटिन सोसत नाही अशांना बेम्पेडोइक अॅसिड देतात. ते लिव्हरमध्ये गेल्यावरच जागं होतं, स्नायूंत त्याला जागं करणारा एन्झाइम नसतो. पण ते काही स्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतं. म्हणून सिम्वास्टॅटिन २० च्या वर आणि प्राव्हास्टॅटिन ४० च्या वर असेल तर ही जोडी टाळायची असते. दुसरी गोष्ट, या औषधाने युरिक अॅसिड वाढू शकतं. मग अंगठा सुजतो, गाउटसाठी कोल्चिसिन लिहिलं जातं आणि कोल्चिसिन व स्टॅटिन एकत्र आले की पुन्हा स्नायूंचा त्रास होण्याची शक्यता. एका गोळीपायी दुसरी, दुसरीपायी तिसरी, अशी साखळी तयार होते. ती वेळेत ओळखायला हवी.

पीसीएसके९ ची इंजेक्शनं गोळ्यांशी असं भांडत नाहीत, कारण त्यांचा निचरा वेगळ्या वाटेने होतो. स्टॅटिनसोबत ती उलट छान जुळतात. स्टॅटिनमुळे पीसीएसके९ हे प्रथिन वाढतं आणि इंजेक्शन नेमकं त्यालाच आवरतं.

सगळ्यात साधी चूक: एकच औषध दोनदा

आमच्यासमोर उलगडलेल्या पिशव्यांत हीच चूक सर्वांत सहज होणारी वाटते. कंपनीची नावं वेगळी, डबीचा रंग वेगळा, पण आतलं औषध एकच. हार्टवाल्यांनी रोसुवास्टॅटिन २० लिहिलं. शुगरवाल्यांनी रोसुवास्टॅटिन १० आणि फेनोफायब्रेट एकत्र असलेली गोळी लिहिली. रुग्ण इमानदारीने दोन्ही खातो. झालं ३०.

रोसुवास्टॅटिनच्या बाबतीत आपण जास्तच जपलं पाहिजे. आशियाई वंशाच्या लोकांत, त्यात भारतीयही आले, त्याच गोळीने रक्तातली पातळी साधारण दुप्पट होते असं आढळलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आशियाई रुग्णांना ५ पासून सुरुवात करा असं लिहिलेलं आहे. युरोपात तर आशियाई रुग्णांना, तसंच फायब्रेट चालू असलेल्यांना ४० चा डोस देऊच नये असं सांगितलं आहे.

यावर उपाय: पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव बघू नका, त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. नावाच्या शेवटी "एफ", "ईझेड", "गोल्ड" अशी शेपटी दिसली तर त्या गोळीत बहुधा एकापेक्षा जास्त औषधं आहेत असं समजा. घरात नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांना द्या. त्यांची स्पेलिंगची उजळणीही होईल.

पिशवीतल्या बाकीच्या वस्तू

कोलेस्टेरॉलसाठी नसलेली औषधंही मध्ये येतात. सिम्वास्टॅटिन आणि अॅटोर्वास्टॅटिनचा निचरा लिव्हरमधल्या एका एन्झाइमने होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिकं आणि बुरशीवरचं इट्राकोनॅझोल त्या एन्झाइमला अडवतात. सिम्वास्टॅटिनसोबत ही औषधं चालतच नाहीत. अॅटोर्वास्टॅटिनचा डोस क्लॅरिथ्रोमायसिनसोबत २० च्या वर नको. अॅझिथ्रोमायसिनचा असा त्रास सहसा नसतो. हज-उमराहला गेल्यावर खोकला-ताप होतोच, आणि तिथे भेटलेल्या डॉक्टरला आपली जुनी औषधं माहीत नसतात. म्हणून यादी एहरामच्या बॅगेत हवीच. अँटिबायोटिकच्या त्या पाच-सात दिवसांपुरतं स्टॅटिन थांबवायचं का, हे डॉक्टर सांगतील.

बीपीच्या गोळ्यांपैकी अॅम्लोडिपिनसोबत सिम्वास्टॅटिन २० च्या वर नको, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलसोबत १० च्या वर नको. टीबीचं रिफाम्पिसिन उलटं करतं, स्टॅटिन लवकर संपवून टाकतं. वॉरफेरिन किंवा निकुमॅलोन घेणाऱ्यांना फेनोफायब्रेट किंवा रोसुवास्टॅटिन सुरू झालं की रक्त जास्त पातळ होऊ शकतं, म्हणून आयएनआर लगेच तपासावा.

खाण्यात ग्रेपफ्रूटचा रस मोठ्या प्रमाणात टाळावा. कोकणातलं पपनस त्याच कुळातलं आहे आणि त्यातही तशीच द्रव्यं असतात, म्हणून सिम्वास्टॅटिन किंवा अॅटोर्वास्टॅटिन चालू असेल तर रोज पपनस नको.

कलौंजीबद्दल आपल्या घरांत जी अकीदत आहे ती आहेच. जेवणात चिमूटभर वापरायला काही हरकत नाही. पण रोज चमचाभर तेल किंवा कॅप्सूल घेत असाल तर तेही औषधच समजा आणि डॉक्टरांना सांगा. गुग्गुळावर अमेरिकेत २००३ मध्ये १०३ जणांवर अभ्यास झाला, त्यात एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलंच. आणि "नॅचरल" म्हणून ऑनलाइन विकला जाणारा रेड यीस्ट राइस? त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे लोवास्टॅटिनच. चिठ्ठीवरच्या स्टॅटिनसोबत ते घेणं म्हणजे पुन्हा एकच औषध दोनदा.

रमजानमध्ये

एरवी दिवसभर वाटून घेतलेल्या गोळ्या रमजानमध्ये दोनच वेळांत गोळा होतात. म्हणून हा महिना सुरू होण्याआधी, शाबानमध्येच, डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावं. अॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसात कधीही चालतात, फक्त वेळ रोज एकच ठेवावी. सिम्वास्टॅटिन रात्री घ्यायचं असतं, म्हणजे तरावीहनंतर. एझेटिमाइब स्टॅटिनसोबतच चालतं. फेनोफायब्रेटच्या बऱ्याच गोळ्या जेवणासोबत घ्यायच्या असतात.

इफ्तारला भजी-समोसे खाऊन छातीत जळजळ होते आणि मग अॅसिडिटीचं पातळ औषध घेतलं जातं. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं हे औषध रोसुवास्टॅटिनसोबत घेतलं तर गोळीचा शरीरात पोचणारा भाग जवळपास निम्मा होतो. आधी गोळी, मग किमान दोन तासांनी ते औषध. उलटी-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर रोजा आणि गोळ्या या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा. आजारी माणसाला सवलत आहे.

हे दिसलं तर थांबू नका

दोन्ही मांड्या, दंड, खांदे विनाकारण दुखणं. जिना चढताना किंवा नमाजमध्ये सजद्यातून उठताना पायांत ताकद नसणं. लघवीचा रंग चहासारखा किंवा कोलासारखा गडद होणं. नवीन औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लघवी गडद असेल तर थेट दवाखान्यात. तिथे सीके नावाची रक्ताची तपासणी आणि किडनीची तपासणी करतात. डोळे पिवळे दिसणं, पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला दुखणं हेही सांगा.

एरवी औषध बदललं किंवा जोडलं की ४ ते १२ आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करून बघतात. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. म्हणून गोळ्यांना दोष देण्याआधी तीही तपासणी झालेली बरी.

करायचं काय?

वहीचं एक पान घ्या. चार रकाने आखा: औषधाचं बारीक अक्षरातलं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचं, कोणत्या डॉक्टरांनी दिलं. त्यात जडीबुटी, तेल, कॅप्सूल, सगळं लिहा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एखाद्या मुलाच्या मोबाइलमध्येही. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की पहिल्यांदा हे पान पुढे करा आणि म्हणा, "डॉक्टरसाहेब, यात काही दोनदा आहे का? काही एकमेकांशी भांडतंय का?" मेडिकलमधल्या फार्मासिस्टलाही हेच विचारता येतं.

आणि हा लेख वाचून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये. हृदयात स्टेंट बसलेल्या माणसाने घाबरून स्टॅटिन सोडणं हा वर सांगितलेल्या बहुतेक जोड्यांपेक्षा मोठा धोका आहे. शंका आली तर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी चालू ठेवा. फक्त अंग गळून गेलं असेल किंवा लघवी गडद झाली असेल, तर पुढची गोळी न घेता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

घरात अब्बा-अम्मी, दादी-नानी यांच्या उशाशी औषधांचा डबा असेलच. आज मगरिबनंतर दहा मिनिटं काढा, तो डबा त्यांच्यासमोर उघडा आणि पट्ट्या एकेक करून वाचा. एकच नाव दोन पट्ट्यांवर सापडलं, तर दोन्ही पट्ट्या घेऊन उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा.